विसरण्याचा अधिकार

बाळाचे तोंड पाहिले की आई सगळ्या कळा विसरते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांत आज्या असतात, आत्या असतात, आणि ज्यांना बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ठाऊक नाही असे काका-मामाही असतात. इतक्या निरनिराळ्या माणसांचे एखाद्या गोष्टीवर एकमत झाले, की ती एकदा उलटून पाहावी असे मला वाटते. एकमत सत्यावर होते, तसे ते सोयीवरही होते.

ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशी, हा विषय काढावा का, असे कुणी विचारील. पण दिवाळी हा लेकींचा सण आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि कितीतरी घरांत या वर्षी एखाद्या जिवाचे पहिले अभ्यंगस्नान असते. चिमुकल्या अंगाला कोमट तेल लागते, सारे घर त्याच्याभोवती गोळा होते, आणि त्या गर्दीत त्याची आई जरा मागे उभी असते. तिच्याविषयी बोलायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

मी राहतो त्या रहाटणीत हा प्रश्न वारंवार समोर येतो. पवनेच्या काठचे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी त्याला आपल्या पोटात घेतले. आज इथल्या इमारतींत लातूरची, बुलढाण्याची, जळगावची माणसे शेजारी शेजारी राहतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेर रात्रभराच्या प्रवासावर असले की पुष्कळदा माहेरच इकडे येते. डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळीत आई पहाटेच्या एसटीतून उतरते. मग एके रात्री प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर तिघे बसलेले दिसतात. रात्रपाळी टाकून चाकणहून आलेला नवरा घड्याळाकडे पाहत असतो, सासू देवाकडे पाहत असते, आणि आई बंद दाराकडे.

रात्र सरते, दुपार होते, तरी दार उघडत नाही. शेवटी परिचारिका बाहेर येऊन सांगते, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. त्या क्षणी बाकावरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पेढे येतात, फोन सुरू होतात. बारशापर्यंत त्या वीस-बावीस तासांचा एक विनोद झालेला असतो: ‘फार वाट पाहायला लावली हो साहेबांनी!’ बाळाचा हट्टीपणा तेव्हापासूनचाच, असेही ठरून जाते. ते तास ज्या देहावरून गेले, तो देह या गोष्टीत कुठेच नसतो.

आई खरोखर विसरते का? स्वीडनमध्ये हजारांहून अधिक स्त्रियांना प्रसूतीनंतर दोन महिन्यांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी त्यांच्या वेदनेविषयी विचारले होते. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या स्त्रियांना पाच वर्षांनी ती वेदना पूर्वी सांगितली होती त्याहून कमी वाटली. एक तृतीयांशाहून थोड्या अधिक स्त्रियांना ती तेवढीच वाटली. उरलेल्यांना, म्हणजे दर सहा जणींपैकी एकीला, ती पूर्वीपेक्षा अधिक वाटली. म्हणजे आपली म्हण अर्धी खरी आहे. पण म्हणीत अर्ध्या स्त्रियांची सवलत नसते. ती साऱ्यांच्या वतीने बोलते. ज्या सहावीला काळाबरोबर कळा वाढलेल्या आठवतात, तिने हळदीकुंकवाला काय बोलावे? ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याने म्हणीला आणखी एक साक्षीदार मिळतो.

आपल्या इतिहासातले उदाहरण पाहा. १६७० साली राजगडावर सोयराबाईंना मुलगा झाला. तो पालथा जन्मला म्हणून लोकांनी अपशकुन मानला. तेव्हा हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे म्हणून शिवाजी महाराजांनी साऱ्यांची भीती घालवली, अशी कथा सभासदाच्या बखरीत आहे. तीनशे वर्षे आपण ती आवडीने सांगतो, आणि सांगावी अशीच ती आहे. बापाने एका वाक्यात मुलाच्या कपाळावरचा कलंक पुसला. पण त्या दिवशी सोयराबाईंना किती वेळ कळा सोसाव्या लागल्या, त्यांच्या उशाशी कोण बसले होते, हे बखर सांगत नाही. ती १६९७ साली जिंजीला, त्याच मुलाच्या, म्हणजे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. तिच्यात शकुन उतरला, कळा उतरल्या नाहीत.

ज्यांनी आठवण ठेवली त्यांनी तरी कशाची ठेवली? जळगावच्या पलीकडे तापीकाठी बऱ्हाणपूर आहे. तिथे १६३१ साली मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. मुलगी गौहरआरा जगली. बादशहाचे दुःख खरे होते, आणि त्या दुःखाचा संगमरवर आग्र्याला उभा आहे. त्याच्यापुढे प्रीती आठवते, चौदा हा आकडा आठवत नाही. स्मारक गेलेल्या माणसासाठी असते; ते कशाने गेले हे विचारण्याचे काम स्मारक करीत नाही.

ते काम दुसऱ्या जातीची आठवण करते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. तेव्हा त्यांना कुणी म्हटलेच असेल, की पोरी, विसर आता. त्या विसरल्या नाहीत. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या हातून एकही मोठे रुग्णालय उभे राहिले नाही. तरीही ताजमहालाहून मला ही आठवण मोठी वाटते, कारण तिचे तोंड पुढच्या बाळंतिणीकडे आहे.

वैद्यकातली प्रगती पाहिली तर ती बहुतेक अशा न विसरणाऱ्यांनीच केलेली दिसते. १९५४ साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. प्रसूती चालू असताना गर्भाशयाचे मुख तासातासाला किती उघडते, ते त्यांनी कागदावर मांडले. ‘फार वेळ लागला’ या उद्गाराला त्यांनी रेषेचे रूप दिले. १९७२ साली आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कॅसल यांनी त्या आलेखावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. पहिली ओलांडली की सावध व्हायचे. तिच्यापुढे चार तासांवरची दुसरी गाठली की हातावर हात ठेवून बसायचे नाही. दूरच्या खेड्यातल्या सुईणीलासुद्धा, बाईला मोठ्या दवाखान्यात केव्हा हलवावे, हे त्या कागदावरून कळू लागले. आज पहिलटकरणीचे गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर पुढची मजल सहसा बारा तासांपलीकडे जात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे बारा तास आकाशातून पडलेले नाहीत. हजारो बायकांच्या कळा कुणीतरी टिपून ठेवल्या, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत.

आमच्या रहाटणीपासून नदीपलीकडे पिंपरीत १९५४ सालीच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, आणि देशात सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. लांबलेल्या बाळंतपणानंतर येणाऱ्या सूतिकाज्वरावर हे औषध किती मोलाचे होते, हे त्या पिढीच्या डॉक्टरांना विचारायला हवे होते. तेही विस्मरणाविरुद्ध उभे राहिलेले एक कामच होते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कळांची आठवण फार जागवली तर तिचे दोन वाईट परिणाम होतील, असे कुणी म्हणेल. एक म्हणजे मुली घाबरतील. दुसरा असा, की आई त्या कळांचे भांडवल करील. दुसरा परिणाम तर आपण रोजच पाहतो. ‘नऊ महिने पोटात वाढवले, मरणाच्या दारातून तुला आणले,’ हे वाक्य किती मुलांच्या लग्नांत, नोकऱ्यांत, घर बदलण्यात आडवे येते! कळांचे असे कर्ज मुलाच्या नावावर लिहायचे असेल, तर विसरलेलेच बरे.

आक्षेप खरा आहे; पण त्यातच मला उत्तर सापडते. कर्ज आहे, ते चुकीच्या माणसाच्या नावावर चढले आहे. ज्याने जन्म मागितला नाही, वेळ ठरवली नाही, वाट अडवली ती जाणूनबुजून अडवली नाही, त्याच्याकडून त्या तासांची वसुली कशी करता येईल? मूल आईवर प्रेम करील. ते प्रेमच असू द्यावे, हप्ता नसावा. देणेकरी दुसरेच आहेत. ते दाराबाहेर बाकावर बसलेले असतात: नवरा, सासर, माहेर, गाव, सरकार. बाई विसरली की यांचे खाते आपोआप मिटते. ‘ती विसरते’ हे म्हणणे सगळ्यांना इतके गोड का लागते, याचे कारण मला इथे दिसते.

विसरणे हा आईचा अधिकार आहे. अन्याय झालेल्या माणसाला जसा क्षमेचा अधिकार असतो, तसा तो केवळ तिचा आहे. तिने तो वापरावा किंवा वापरू नये. मात्र तिच्या वतीने दुसऱ्याने क्षमा जाहीर करणे जितके अशोभनीय, तितकेच तिच्या वतीने दुसऱ्याने विसरणे.

आणि मुलींच्या भीतीचे काय? भीती कळांपेक्षा एकटेपणाने वाढते. कळा चालू असताना एक माणूस सतत जवळ राहिले तर काय घडते, याविषयी सतरा देशांतल्या २६ अभ्यासांचा आढावा २०१७ साली घेतला गेला. त्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सोबत असलेल्या बायकांच्या कळांचा काळ सरासरी सुमारे चाळीस मिनिटांनी कमी भरला, त्यांच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या, आणि त्या अनुभवाविषयी कडवटपणाही कमी राहिला. कुणी कंबर चोळणारे, घोटभर पाणी देणारे, ‘आहे मी’ म्हणणारे असावे, इतकेच ते औषध. जुन्या घरातली सुईण हातांच्या स्वच्छतेत कमी पडत असेल. पण ती उठून जात नसे. दवाखान्याने स्वच्छता आणली आणि सोबत दाराबाहेर ठेवली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. त्या मान्यतेचा उपयोग करायला मात्र घरच्यांनी तसे विचारावे लागते.

कळांना पुण्य समजण्याची आपली सवयही याच विस्मरणाची बहीण आहे. बाळ झाल्याचे कळले की शेजारीण पहिला प्रश्न विचारते, ‘नॉर्मल की सिझर?’ वीस तास सोसून शेवटी शस्त्रक्रिया झालेली मुलगी तेव्हा खाली मान घालते, जणू परीक्षेत शेवटचा पेपर राहिला. जिने वेदना कमी करणारी सुई मागितली, ती तर ‘आजकालची’ ठरते. दुखणे हीच मातृत्वाची किंमत असती, तर ज्यांनी मूल दत्तक घेतले त्यांना आई म्हणता आले नसते. आईपण कळांतून सुरू होत असेल. ते कळांनी मोजले जात नाही. कळा आठवायच्या त्या पुढच्या मुलीच्या कमी व्हाव्यात म्हणून. त्यांची आरती करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे पाचवी पूजतात. सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते म्हणून पाटाशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ही रीत मला फार आवडते. नव्या जिवाचे पुढचे आयुष्य कुणीतरी लक्ष देऊन लिहावे, ही त्यातली इच्छा किती शहाणी आहे! त्या कागदाशेजारी आणखी एक कागद ठेवायला हरकत नसावी. बाळंतिणीला दोन घास सुखाने खाऊ घालावेत, बाळ जरा वेळ दुसऱ्याने घ्यावे, आणि तिला विचारावे, ‘काय झाले होते, सांगतेस?’ तिला सांगायचे नसेल तर विषय सोडून द्यावा. सांगायचे असेल तर मधे बोलू नये, ‘आमच्या वेळी’ असे सुरू करू नये. कुठे कुणी ओरडले, कुठे पाणी मिळाले नाही, कुणाचा हात घट्ट धरता आला, हे सारे ती सांगील. त्यातले काही दवाखान्याला कळवण्याजोगे असेल, काही धाकट्या बहिणीच्या उपयोगी पडेल, आणि काही केवळ ऐकण्याजोगे असेल.

सटवाईने काय लिहिले ते कुणाला वाचता येत नाही. दुसऱ्या कागदावरचे मात्र वाचता येईल.