गाव राखणारे



मे महिन्याच्या सुट्टीत किंवा नाताळात आपल्यापैकी पुष्कळजण मूळ गावी जातात. आईवडिलांना भेटतात, भावंडांकडे राहतात, शाळेतले मित्र शोधून काढतात. दोन-चार दिवस आनंदात जातात आणि मंडळी परततात. यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, आहे. जे गाव आपण सोडले, त्याच्यावर आपला हक्क किती उरतो? आणि त्या गावाचे आपल्यावर ऋण किती उरते? प्रश्न साधा दिसतो; पण याच प्रश्नावरून सख्ख्या भावाबहिणींचे बोलणे थांबलेले आम्ही पाहिले आहे.

आमचे बालपण धुळ्यात गेले आणि पुढची काही वर्षे जळगावात. अलीकडेच नातलगांना व जुन्या मित्रांना भेटण्यासाठी आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. ही दोन शहरे म्हणजे एका घरातून वेगळे निघालेले दोन भाऊच. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण. त्या वर्षी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पूर्वेकडचा आजचा जळगाव, पश्चिमेकडचा धुळे. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. २००३ मध्ये धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत महानगरपालिका आल्या. म्हणजे आमच्या लहानपणीचे नगरपालिकेचे गाव आता कागदोपत्रीही राहिलेले नाही.

धुळ्यात क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या अजून आहेत. आग्रा रोडची गर्दी आहे, पांझरा नदी आहे. जळगावात पालिकेची सतरा मजली इमारत दुरून दिसते आणि सराफ बाजारात पूर्वीसारखीच वर्दळ असते. तरीही जुना माणूस चटकन म्हणतो, "पूर्वीचे धुळे राहिले नाही हो!" असे म्हणणारा बहुधा बाहेरून आलेला असतो. जो तिथेच राहिला, त्याला असे म्हणायला वेळ नसतो. त्याला नळाला पाणी कधी येणार ते पाहायचे असते.

इथेच पहिला फरक ध्यानात येतो. सोडून गेलेल्याकडे गाव आठवणीच्या रूपाने असते. राहिलेल्याकडे ते रोजच्या कामाच्या रूपाने असते. आठवण जपायला खर्च येत नाही. काम मात्र रोज पहाटे उठून करावे लागते.

धुळ्यात ओळखीचे कोणी भेटले की अहिराणीत पहिला प्रश्न येतो, "कव्हय उना?" कधी आलास? आणि त्यामागोमाग दुसरा, परत कधी जाणार? प्रश्न मायेचे असतात. पण त्यात एक निवाडाही असतो. तू आता येणारा-जाणारा आहेस, आम्ही इथले आहोत.

या भेटीत एका जुन्या मित्राच्या घरी बसलो होतो. त्याची आई काही वर्षे अंथरुणाला खिळून आहे. तिचे खाणेपिणे, औषधे, रात्रीचे उठणे हे सारे तो आणि त्याची पत्नी पाहतात. धाकटा भाऊ दूरच्या शहरात नोकरीला आहे, वर्षातून दोनदा येतो. तो आला की खापरावरची पुरणपोळी होते, शेवभाजी होते, शेजारी गोळा होतात. मित्र शांतपणे म्हणाला, "फादर, तो दोन दिवस येतो. आई त्याच्यासाठी उठून बसते, हसते. मग कधी तो म्हणतो, आई तर ठणठणीत आहे, तुम्ही उगाच बाऊ करता. कधी म्हणतो, आई किती वाळली, तुमचं लक्ष कुठे असतं? दोन्ही वेळा चुकलेले आम्हीच." एवढे बोलून तो आईला पाणी द्यायला उठला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता.

बंधुभगिनींनो, आपणही असेच कुणाच्या घरी दोन दिवसांचे पाहुणे असतो. दोन दिवसांत जे दिसते ते खोटे नसते, पण ते पूर्णही नसते. उरलेल्या तीनशे साठ दिवसांचा हिशेब ज्याच्या हाती आहे, त्याला न विचारता निवाडा देणे हा अन्याय आहे. तो प्रेमापोटी झाला म्हणून न्याय ठरत नाही.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गाव सोडणे हे पाप नव्हे. खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेला गेलेली कुटुंबे असंख्य आहेत. कोणी पुण्याला गेले, कोणी मुंबईला. पावसावर अवलंबून असलेल्या तुकड्यावर सगळे भाऊ जगू शकत नव्हते, म्हणून एकजण गेला. त्याने पाठवलेल्या पैशांवर घराचे छप्पर झाले, बहिणीचे लग्न झाले. परक्या शहरातला एकटेपणा त्याने कुणाला सांगितला नाही. तोही भारच होता. शिवाय बाहेरून येणाऱ्याला कधी कधी ते दिसते जे रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. आईचे वजन हळूहळू घटते, ते रोजच्या नजरेला कळत नाही. म्हणून पाहुण्याने बोलूच नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आपला शब्द दोष काढण्यासाठी आहे की हात देण्यासाठी, हे बोलण्याआधी स्वतःला विचारावे. "तुम्ही डॉक्टरांना का दाखवले नाही?" आणि "उद्या मी आईला डॉक्टरांकडे नेतो, तू जरा झोप" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे सासर जळगाव. म्हणजे माहेर अगदी हाकेच्या अंतरावर. तरी त्यांच्या गाण्यांत माहेराची केवढी ओढ आहे! १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. माहेराविषयीच्या त्यांच्या एका गाण्याचा आशय आम्हांला फार मोलाचा वाटतो. आईने आपल्या सासरचा संसार टिकवून धरलेला असतो, म्हणून लेकीला परत यायला दार उघडे मिळते. माहेर आपोआप उभे राहत नाही. कुणीतरी कुठेही न जाता ते उभे ठेवलेले असते.

हीच गोष्ट धुळ्यात आणखी एका रूपात दिसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर हिंडून जुनी कागदपत्रे गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले. १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले आणि तो ठेवा सांभाळला. हिंडणाऱ्याचे नाव मोठे होते आणि ते योग्यच आहे. पण त्याच्यामागे ती दप्तरे वाळवीपासून जपणारे हात होते. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

जुन्या मित्रांबद्दलही थोडे बोलू. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी मैत्रीचा सविस्तर विचार केला. अंतरामुळे मैत्री नाहीशी होत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो. पण विरह फार लांबला तर मैत्रीचाही विसर पडू लागतो, असे तो म्हणतो. मैत्री ही नुसती भावना नव्हे, ती एकत्र जगण्याची कृती आहे, हा याचा अर्थ. म्हणून वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला "तू अगदी तसाच आहेस" असे म्हणून शाळेतल्या गमतींवर संध्याकाळ काढणे पुरेसे नाही. मधल्या वीस वर्षांत त्याचे काय झाले? धंदा बुडाला का? लेकरू गेले का? हे न विचारता आपण परतलो तर आपण त्याला भेटलोच नाही. आपल्या लहानपणालाच तेवढे भेटून आलो.

प्रभू येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आपण नेहमी परतलेल्या मुलाच्या बाजूने ऐकतो. पण त्यात थोरला मुलगाही आहे. तो शेतातून काम करून येतो आणि घरातले गाणे-बजावणे त्याच्या कानी पडते. त्याच्या मनात कडवटपणा आहे आणि तो बरोबर नाही. तरी बाप त्याला रागावत नाही. परतलेल्यासाठी बाप धावत गेला, तसाच राहिलेल्याची समजूत घालायलाही तो घराबाहेर आला, हे आपण विसरतो. मेजवानी एकासाठी होती; माया मात्र दोघांवर होती.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. पहिली, आईवडिलांना भेटण्याआधी किंवा भेटताच, त्यांना सांभाळणाऱ्या भावाला, बहिणीला, वहिनीला वेगळे बसवून विचारा, "तू कशी आहेस? तू कसा आहेस?" दुसरी, एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र त्यांचे काम स्वतः करा आणि त्यांना बाहेर पाठवा. तिसरी, घर, जमीन किंवा म्हाताऱ्या माणसांबद्दल मत देण्याआधी, त्या मताचा भार आपण उचलणार आहोत का, हे मनाशी ठरवा.

आणि जे गावी राहिले आहेत, त्यांनाही एक विनंती. येणाऱ्याला केवळ पाहुणा करून ठेवू नका. पुरणपोळी जरूर वाढा, पण औषधांची चिठ्ठीही हाती द्या. बरेचदा त्याला मदत करायची असते आणि कुठे हात घालावा हे कळत नसते.

गाव सोडल्यावर आपला हक्क किती उरतो, असे आपण सुरुवातीला विचारले. आम्हांला वाटते, हक्क थोडा उरतो आणि ऋण बरेच. ते ऋण गावच्या मातीचे आहे असे आपण म्हणतो. खरे पाहता ते त्या मातीवर आपल्यामागे थांबलेल्या माणसांचे आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला आज दुपारी जेवणानंतर फोन करता येईल.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू