देवळाच्या आवारातील कळलावी

आषाढाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे आमच्या देवळामागील कुंपणावर एक वेल चढू लागते. पानांच्या टोकांची वळलेली सूत्रे काटक्यांना धरीत ती वर जाते, आणि श्रावण-भाद्रपदात तिला फूल येते. ते आरंभी हिरवट पिवळे असते, मग नारिंगी होते व शेवटी लालभडक. पाकळ्या ज्योतीप्रमाणे वर उभ्या राहतात, म्हणून हिला अग्निशिखा म्हणतात. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. लोकांतील नाव मात्र कळलावी. पूर्वी सुइणी प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा उपयोग करीत, त्यावरून हे नाव पडले असे काही म्हणतात. ती घरात भांडण लावते म्हणून, असे दुसरे सांगतात. आमच्या देवळापुरते तरी दुसरे मत खरे ठरले आहे.

त्याचे कारण आम्हीच. गतवर्षी वेल वाळल्यावर आम्ही ती जागा खणली, जादा कंद काढून कुंपणापाशी ठेवले, आणि सांजारतीच्या गडबडीत ते विसरलो. सकाळी आवार झाडणाऱ्या बाईंनी ते रताळी समजून ओटीत घेतले. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. फाटकापाशी गाठ पडली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "देवाच्या आवारातलं हाय, परसादच की!" त्या बोलल्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार आजही आमची झोप उडवितो.

कारण या कंदात कोल्चिसीन नावाचे विष असते. शिजविल्याने ते जात नाही. काही तासांनी वांत्या व जुलाब सुरू होतात. पुढे रक्त तयार होण्याची क्रियाच खुंटते, केस गळतात, कित्येकदा मृत्यू येतो. संशय जरी आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. हेच द्रव्य अल्प प्रमाणात वातरक्ताच्या विकारावर औषध आहे, व त्यासाठी तामिळनाडूत शेतकरी या वेलीची मुद्दाम लागवड करून बिया विकतात. त्या राज्याचे ते राज्यपुष्पही आहे.

तेव्हा वेल उपटून टाकावी काय? कित्येक सभासदांचे मत तसेच आहे. पण मग तोच न्याय कण्हेरीला, धोत्र्याला आणि रुईला लावावा लागेल. आयुर्वेदाने लांगलीसह ही सारी सात उपविषांत गणिली आहेत, आणि त्यांतील बहुतेक आपण रोज देवाला वाहतो.

हा युक्तिवाद आम्ही वडिलांपुढे मोठ्या ऐटीने मांडला. दोष वनस्पतीचा नसतो, अज्ञानाचा असतो, असेही वर जोडले. वडील फुले निवडीत होते. त्यांनी एवढेच विचारले, "अज्ञान कोणाचे? त्या बाईला ठाऊक नव्हते. तुला होते ना?"

याला उत्तर नव्हते. रानात उगवलेल्या विषाचा कोणी धनी नसतो. खानापूरच्या जंगलात ही वेल कोणी लावलेली नाही. परंतु आपण खड्डा करून कंद पुरला की त्याच्या विषाचेही आपण धनी होतो, आणि फुलाच्या शोभेचा वाटा घेऊन विषाचा वाटा शेजाऱ्याच्या अज्ञानावर टाकणे हा अन्याय होय. नीलकंठाने हलाहल कंठात धरिले, ते कुंपणापाशी ठेवून तो आरतीला गेला नाही.

वेल आम्ही तूर्त ठेविली आहे. तिच्याभोवती दगडी कट्टा बांधून जाळी लावली. पाटीही लिहिली, परंतु त्या बाईंना वाचता येत नाही, हे पाटी रंगवून झाल्यावर ध्यानात आले. म्हणून आता कंद काढावयाचे झाल्यास त्यांना समोर उभे करून, मोजून, काढावयाचे ठरले आहे. त्यांनी कंद एकदा हातात घेऊन नीट न्याहाळला व आम्हांस विचारले, "मग मोगरा का नाय लावला?"

हा प्रश्न येत्या सभेपुढे ठेवण्याचे आम्ही त्यांना कबूल केले आहे.