पंचांग हाती ठेवून

२५ ऑक्टोबर २०२२. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेले, पाडवा दुसऱ्या दिवशी आणि मध्येच खंडग्रास सूर्यग्रहण. ठाणे-डोंबिवलीत सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. वेध कधीपासून पाळायचे, गरोदर सुनेने भाजी चिरायची की नाही, असे प्रश्न अशा वेळी घरोघरी निघतातच.

श्रद्धाळू माणसाशी विज्ञानाने कसे बोलावे? ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांगकर्ते आहेत, खगोल अभ्यासकही. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, त्याची भीती निराधार, हे ते स्पष्ट सांगतात. पण श्रोत्याच्या हातातले पंचांग हिसकावून घेत नाहीत. त्यातल्या ग्रहणाच्या स्पर्श आणि मोक्षाच्या, म्हणजे सुरुवात आणि शेवटाच्या, वेळा गणितानेच काढलेल्या असतात. तिथून बोलणे सुरू झाले की समोरचा कान देतो.

मात्र आपुलकीपोटी सत्य पातळ होता कामा नये. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरे दिली. हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच ओळखायचे होते. ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी पन्नासच्या आसपास येतात! चाचणीची पद्धत आणि आकडे त्यांनी खुलेपणाने मांडले. सत्य स्पष्ट सांगूनही समोरच्याचा मान राखण्याची अशी सभ्यता कमावावी लागते, पदवीबरोबर मिळत नाही.

२ ऑगस्ट २०२७ला, ढगांनी वाट दिली तर, ठाणे-कल्याणमधून पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. इथल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्या दुपारी सोसायटीच्या आवारात उतरावे, सुरक्षित चष्मे द्यावेत आणि आजीबाईंचे प्रश्न आधी पूर्ण ऐकून घ्यावेत.