घोडा धावताना पाहुणा कुठे बसतो

घोडदौड पाहायला जाणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो जागेचा. घोडे दोन-अडीच मिनिटांत समोरून निघून जातात. बाकीचा दिवस माणसाला बसल्या जागीच काढायचा असतो. त्यामुळे शर्यतींचा इतिहास जितका घोड्यांच्या वंशावळींचा, तितकाच कठड्यांचा, दारांचा आणि छातीवर लावायच्या बिल्ल्यांचाही आहे. इंग्लंडमध्ये ॲस्कॉटला राणी ॲनने १७११ साली शर्यती सुरू केल्या. आज तिथल्या जूनमधल्या पाच दिवसांच्या शाही सोहळ्याचा पाहुणचार आगाऊ विकत घेता येतो: राखीव टेबल, भरपेट जेवण, उंची मद्य, दुपारचा चहा आणि समोर हिरवीगार धावपट्टी. आपल्याकडे महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. हिवाळ्यात मुंबईला शर्यती, पावसाळ्यात पुण्याच्या लष्कर भागात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला २४०० मीटरची इंडियन डर्बी, हा रिवाज रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबने अनेक दशकं सांभाळला आहे. तिथेही सभासदांची बाजू वेगळी आणि तिकीट काढून आलेल्यांची वेगळी.

याला नावं ठेवायला मी बसलेले नाही. चारही पाय जमिनीवरून सुटलेला घोडा पाहताना छातीत जे काही होतं, ते कुठल्याही मैदानावर खरंच असतं. त्या दोन मिनिटांमागे मोतद्दाराची पहाट असते, प्रशिक्षकाची वर्षं असतात, जॉकीने वजनासाठी मारलेली भूक असते. पैसे मोजून सावलीत बसून हे पाहण्यात गैर काही नाही, आणि तो व्यवहार उघड असतो. दर आधीच सांगितलेला असतो. मला पडतो तो प्रश्न असा की त्या दरात नेमकं काय विकलं जातं. जेवण शहरात कुठेही मिळेल. घोडा तर कठड्यावर रेलून उभ्या असलेल्यालाही दिसतो. विकली जाते ती आपल्याभोवतीची मोकळी जागा, गर्दी इथवर येणार नाही याची हमी. म्हणून त्या पाहुणचाराची एक अट असते: पाहुणे मोजकेच हवेत. ते वाढले की त्याची किंमत उतरते.

सोलापूर जिल्ह्यात वेळापूरच्या परिसरात दर आषाढात एक घोडदौड होते, तिचा हिशेब याच्या नेमका उलटा आहे.

एकादशी चारेक दिवसांवर आलेली असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून निघते. वाटेत खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं, पुढे धावाबावीच्या टेकडीपाशी धावा होतो आणि संध्याकाळी वेळापूरचा तळ लागतो. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं की ठाकूरबुवांच्या समाधीजवळ पुन्हा रिंगण. म्हणजे वेळापूरच्या मुक्कामाच्या अलीकडेही घोडे धावतात आणि पलीकडेही. शेजारच्या अकलूजला तुकोबांच्या पालखीचं रिंगण त्याच सुमारास भरतं. अकलूजचा घोडेबाजारही आता नावाजलेला आहे. घोड्याच्या चालीची पारख असलेली माणसं या तालुक्यात पुष्कळ भेटतात.

रिंगणात धावणारे अश्व दोन. ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीला पोहोचतात. तिथून पुन्हा पंढरपूरपर्यंत चाल. शर्यतीचा घोडा गाडीतून जपून नेतात, त्याच्या पायाची काळजी काचेच्या भांड्यासारखी घेतात. हे अश्व मात्र धावण्याआधी सगळ्यांबरोबर रस्ता तुडवून आलेले असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा. त्याच्यावर खोगीर असतं, साज असतो, गळ्यात हार असतात आणि स्वार कोणी नसतो.

पालखी मधोमध विसावते. चोपदार दिंड्यांना जागा लावून देतात. आजच्या रूपातल्या या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि फौजेची शिस्त ठाऊक असलेल्या माणसाचा हात या आखणीत अजून दिसतो. हजारो माणसं चोपदाराच्या एका इशाऱ्यावर गप्प होतात. मग धाव सुरू होते. आधी पताकावाले भगव्या पताका खांद्यावर घेऊन पळतात. मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, त्यातल्या कित्येक साठी उलटलेल्या. मग विणेकरी, मग टाळकरी आणि गळ्यात पखवाज अडकवलेले वादक. आणि सगळ्यांच्या शेवटी अश्व सुटतात.

घोडदौड बघायला आलेल्या माणसाला इथे अगोदर माणसांची दौड बघावी लागते. त्यातला बराचसा जमाव स्वतः एक फेरी मारून, धापा टाकत पुन्हा आपल्या जागी उभा राहिलेला असतो आणि मग घोड्याकडे पाहतो. मला रिंगणातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. टाचा दुखत असताना पळून आलेल्या बाईला घोड्याचं पळणं जसं कळतं, तसं बसून राहिलेल्याला कळणार नाही. स्वाराचा अश्व पुढे, माउलींचा मागे; दोन-तीन फेऱ्यांत मागचा पुढच्याला गाठतो आणि मैदान 'माउली, माउली'च्या गजराने भरून जातं. कोणी जिंकत नाही. वेळ कोणी मोजत नाही. धाव संपताच टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात.

रेसकोर्सवर प्रत्येक पाहुण्याभोवती थोडी थोडी मोकळी जागा राखलेली असते, कारण तिचे पैसे घेतलेले असतात. रिंगणात मोकळी राखलेली मानाची जागा एकच, माउलींच्या अश्वाची पाठ. तिथे बसायला कोणाला मिळत नाही. जो मान मागायचाच नाही असं सगळ्यांनी आधी मान्य केलं आहे, त्याच्याभोवती लाखभर माणसं एकमेकांना खेटून आनंदाने उभी राहू शकतात. शेजारी आणखी चार जण आले म्हणून त्यातलं काही कमी होत नाही. उलट गजर वाढतो.

आणि पाहुणचार? तो मैदानाबाहेर सुरू होतो. वारीच्या वाटेवर पालखीतळाच्या गावांत चहा, पोहे, केळी, ताक, पिठलं-भाकरी यांची ताटं रस्त्यापर्यंत आलेली असतात. कोणी पायाला तेल चोळून देतं, कोणी चपला शिवून देतं, कोणी दाढी करून देतं, आणि पैसे द्यायला हात खिशाकडे गेला तर वाईट वाटतं ते यजमानाला. वेळापूरचं स्वतःचं जुनं वैभव आहे. यादवकाळातलं अर्धनारीनटेश्वराचं मंदिर आणि तिथले मराठी शिलालेख पाहायला अभ्यासक येतात. पण या एका रात्रीत गावाची ओळख त्या दगडांपेक्षा परसातल्या चुलींवरून ठरते. धावाबावीच्या टेकडीवरून तुकाराम महाराजांना विठ्ठलाच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते तिथूनच पळत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी त्या उतारावर धावतात. धावून दमलेला माणूस पहिल्यांदा टेकतो तो वेळापूरच्या ओसरीवर.

इथे स्वतःलाच अडवावंसं वाटतं. वारी म्हणजे सगळं फुकट, सगळं आपोआप, असं चित्र रंगवणं सोपं आहे आणि ते खरं नाही. वारीतही पैसे भरावे लागतात. दिंडीबरोबर चालणारा वारकरी भिशी भरतो. तिच्यात दोन वेळचं जेवण, तंबूतली जागा आणि सामानाचा ट्रक येतो. आगाऊ पैसे, ठरलेल्या सोयी. मग हेही पॅकेजच नाही का? मी या प्रश्नाभोवती बराच काळ फिरत राहिले. मला दिसणारा फरक पैशात नाही. भिशी भरलेल्या माणसाच्या ताटात पडतं तेच शेजारच्याच्या ताटात पडतं, आणि जेवण झालं की वाढायला त्यालाही उठावं लागतं. भाज्या चिरणाऱ्या बाया भिशी भरूनच आलेल्या असतात. पैसे देऊन तो पाहुणा होत नाही. दिंडीच्या घरातला एक होतो आणि घरातल्यांच्या वाट्याची कामं त्याच्या वाट्याला येतात. रेसकोर्सच्या टेबलावर पैसे दिले की कामातून सुटका मिळते.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. गाव जे फुकट देतं, ते कोणाच्या तरी श्रमातून येतं, आणि ते श्रम बहुतेक बायकांचे असतात. मध्यरात्री उठून भाकऱ्या थापायला बसलेली बाई रिंगण पाहायला जातेच असं नाही. पालखी पुढे सरकली की गावात जे उरतं, ते उचलणाऱ्या हातांना माउली म्हणून कोणी हाक मारत नाही. माळशिरस तालुका एका अंगाने नीरा कालव्याचा आणि उसाचा, दुसऱ्या अंगाने टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या कोरडवाहू वाड्यांचा. तिथे आषाढात पाऊस लांबला तर लाखोंना पाणी पाजणं हा साधा खर्च नाही. अलीकडे निर्मल वारीसारख्या प्रयत्नांतून तात्पुरती शौचालयं उभी राहू लागली, हा फार मोठा बदल आहे. त्याआधी वारकरी बायांनी काय सोसलं असेल, हे उशिरा चालू झालेल्या या सोयीवरूनच कळतं. रेसकोर्सवर किंमत लिहिलेली तरी असते. इथे ती कोणी विचारत नाही, म्हणून ती मोजणाऱ्याचं नावही कुठे येत नाही. पाहुणचार विकू नये असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच तो कोण करतं हे मोठ्याने सांगितलं पाहिजे असंही वाटतं.

दारं आपल्याकडेही बंद होती. शतकानुशतकं पायी आलेल्या कित्येकांना पंढरपुरात पोहोचल्यावर मंदिराबाहेर उभं राहावं लागलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणपणाने उपोषण केलं तेव्हा ते दार दलितांसाठी उघडलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. खुडूसच्या मातीत कोणीही कोणाच्याही पाया पडतो हे दृश्य थोर आहे. पण त्याच वाटेच्या शेवटी किती काळ कठडा होता, हे विसरून ते पाहता येणार नाही. ॲस्कॉटचा कठडा दिसतो तरी. आपला डोळ्यांना न दिसता काम करत होता.

म्हणून रिंगणाच्या कडेला आता जे दिसू लागलं आहे, त्याने मी अस्वस्थ होते. मान्यवरांसाठी मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, कॅमेऱ्यांसाठी मचाण. मोठ्या जमावात सुरक्षेसाठी कठडे लागतात, पोलिसांवर ताण असतो, हे कळतं. रुग्णवाहिकेला वाट हवी, अश्वांच्या वाटेत माणूस येता कामा नये. पण सुरक्षेचा कठडा आणि प्रतिष्ठेचा कठडा शेजारी शेजारी उभे राहिले की काही वर्षांनी ते वेगळे ओळखू येत नाहीत. आळंदी–पंढरपूर पालखी मार्ग रुंद झाला, मोटारी सरळ मैदानापर्यंत येऊ लागल्या. आज राखीव खुर्ची ओळखीवर मिळते. उद्या ती दर लावून मिळू लागली तर आपल्यातले पुष्कळ जण ती आनंदाने घेतील. घेणारी माणसं वाईट नसतील. त्यांना फक्त उन्हाचा त्रास नको असेल, शेजारचा घाम नको असेल आणि अश्व नीट दिसायला हवा असेल. ॲस्कॉटच्या टेबलावर बसणाऱ्यालाही एवढंच हवं असतं.

सावली करायचीच असेल तर मंडपाची पुढची रांग तुळस डोक्यावर घेऊन धावलेल्या म्हाताऱ्या बायांना द्यावी. त्या फेरी मारून आल्यावर त्यांना उभं राहायला कठीण जातं, हे दर वर्षी डोळ्यांदेखत दिसतं. दुसरी रांग वेळापूर, खुडूस आणि आसपासच्या वाड्यांतल्या, रात्रभर चुलीपुढे बसलेल्या बायांना आणि सफाईला आलेल्या कामगारांना द्यावी; त्यांना घरून आणायला एखादी एसटी त्या सकाळी सोडता येईल. आमदार, खासदार, अधिकारी आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्या माणसांनी पताकावाल्यांच्या मागे उभं राहावं, आणि पाय धड असतील तर अश्व सुटण्याआधी एक फेरी पळून यावं. ग्रामपंचायत, पालखी सोहळ्याचे प्रमुख आणि जिल्हा प्रशासन यांच्या आषाढापूर्वी बैठका होतातच. पाण्याचे टँकर आणि वीज यांच्या यादीत हा एक विषय त्यांनी यंदाच घ्यावा.