जुनं यंत्र बंद करण्याआधी

कोयनेकडचे धक्के वाढलेत का, हा कराड-पाटण भागातला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: मधल्या काळात मोजणारं यंत्र बदललं होतं का?

भूकंपांचा एक ढोबळ नियम आहे. रिश्टर मापनावर एक अंक खाली उतरलं की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. 4 चा एक, तर 3 चे दहा, 2 चे शंभर. आता समजा, जुन्या यंत्राला 3 च्या खालचं नीट ऐकू येत नव्हतं आणि नवं यंत्र 2 पर्यंतचं टिपू लागलं. नोंदवही एका वर्षात दहापट फुगेल आणि जमीन मात्र होती तशीच असेल. बारीक विणीचं जाळं टाकल्यावर नदीत मासे वाढले असं कोणी म्हणत नाही. आलेखाची रेघ वर चढलेली दिसली की आपण तसंच म्हणून बसतो.

जुन्या पद्धतीचं काम बघण्यासारखं होतं. रॉकेलच्या ज्योतीवर कागदाला काजळी धरायची, तो ढोलावर गुंडाळायचा, सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राहायची. दिवसाने कागद उतरवून रेघ पुसली जाऊ नये म्हणून लाखेच्या द्रावणात बुडवायचा. मग भिंग घेऊन पहिली लहर आणि दुसरी लहर यांतले सेकंद मोजायचे. जवळच्या भूकंपात त्या सेकंदांना आठाने गुणलं की किलोमीटरमधलं अंतर अंदाजे हाती येतं. मोठा धक्का आला की सुई कागदाबाहेर जायची, आणि नेमकं हवं ते निसटायचं. तेव्हा आधुनिकीकरण हवंच, त्यात वाद नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हवामान खात्याने द्वीपकल्पीय भारतातल्या ज्या केंद्रांना नवी डिजिटल यंत्रं दिली, त्यांत कराडही होतं.

वाद आहे तो बदलण्याच्या रीतीचा. एकाच धक्क्याला जुनं यंत्र 3.1 म्हणेल, नवं 3.3. यातलं खरं कोणतं, याला फारसा अर्थ नाही. दोघांत कायम किती फरक पडतो ते कळलं पाहिजे, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता येतात. त्यासाठी दोन्ही यंत्रं काही काळ शेजारी शेजारी चालवावी लागतात. हे आपल्याकडे कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने चुंबकीय वेध बिघडणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हा 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी वेध घेतले गेले. ब्रिटिश अमदानीतल्या त्या शिस्तीमुळे ती मालिका आजही सलग वापरता येते. आपल्या निविदेत नव्या यंत्राची रक्कम असते, जुनं यंत्र आणखी दोन वर्षं चालवणाऱ्या माणसाचा पगार नसतो.

कोयनेत तर धरणाच्या पाण्यामुळे धक्के बसतात हा सगळा युक्तिवाद या सलगतेवरच उभा आहे. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, 1962 पासून भरू लागला, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 चा धक्का बसला. धरणाआधी इथे जमीन शांत होती का, हे ठामपणे सांगता येत नाही, कारण बारीक धक्के टिपणारं यंत्र तेव्हा जवळपास नव्हतं. पाण्याच्या पातळीचा आणि धक्क्यांचा संबंध पुढच्या दशकांच्या नोंदींतून बांधला गेला. त्या साखळीत कुठेही न मोजलेला सांधा राहिला, तर तिथे दिसणारी वाढ पाण्याची की यंत्राची, ते कळायला मार्ग उरत नाही.

आता पुढचा बदल सुरू आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयना भागातच गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणून झालं आहे, आणि आसपासच्या काही विवरांत भूकंपमापक उतरवलेत. खाली वाऱ्याचा, गाड्यांचा, पावसाचा गोंगाट पोचत नाही, त्यामुळे अगदी किरकोळ हालचालही उमटते. धक्क्यांचा आकडा पुन्हा उडी घेणार हे आधीच ठरलेलं आहे. म्हणूनच जमिनीवरची जुनी केंद्रं इतक्यात मोडीत काढू नयेत, आणि त्यांचे पिवळे पडलेले कागद कोयनेच्या पावसाळ्यात वाळवीच्या तोंडी जायच्या आत स्कॅन करून घ्यावेत.