अहो, असू द्या!

आजचं चिंतन : गीता, अध्याय ५, श्लोक १८.

विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा... ज्ञानी माणूस सगळ्यांकडे समदृष्टीने पाहतो, असं भगवंत सांगतात. श्लोक पाठ आहे. पण परवा रात्री आमच्या म्हाताऱ्या कुत्रीने हॉलमधल्या ओकच्या फ्लोअरवर लघवी केली आणि मी तिच्यावर ओरडलो. ती टेबलाखाली जाऊन बसली.

ओकमध्ये लघवी मुरली की काळा डाग पडतो, आणि वरून पाणी ओतलं तर लाकूड फुगतं. म्हणून कोरड्या फडक्याने लगेच टिपावी लागते. गुडघ्यांवर बसून टिपताना आठवलं, गेल्या रविवारी याच जागी पाहुण्यांच्या हातून चहा सांडला होता. तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "अहो, असू द्या!"

फ्लोअर तोच, फडकंही तेच. बदलली ती माझी दृष्टी.

सम पाहणं म्हणजे सगळ्यांशी अगदी सारखं वागणं नव्हे. तिच्यासाठी आता पॅड अंथरतो, झोपण्याआधी एकदा जास्त बाहेर नेतो. गरज वेगळी, म्हणून सोय वेगळी. पण आत भगवंत तोच, मग क्षमा वेगळी का?

आज कुणावर आवाज चढला, तर एकच विचारूया : हीच चूक पाहुण्यांकडून झाली असती तर?

राम कृष्ण हरी!