पडदा बंद झाल्यावर

आजचा शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-१३



उन्हाळ्याची सुट्टी आली की मंडळ्यांमधून मुलांच्या शिबिरांची तयारी सुरू होते आणि दरवर्षी तोच प्रश्न निघतो : मुलांना पिक्चर दाखवायचा का? वडीलधारी म्हणतात, "पिक्चर तर घरीही बघतात, इथे वचन द्या." तरुण म्हणतात, "नुसतं वचन सांगितलं तर मुलं पेंगतात." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

दाविदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मारवलं. देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं, तेव्हा त्याने नियमशास्त्र वाचून दाखवलं नाही. त्याने गोष्ट सांगितली. गरिबाचं एकुलतं एक कोकरू श्रीमंताने हिसकावून कापलं. दावीद संतापला, आणि मग नाथानाने सांगितलं की ही गोष्ट तुझीच आहे. पौलानेही अथेनैत तिथल्याच कवींच्या शब्दांचा आधार घेतला (प्रे. कृत्ये १७:२८). तेव्हा गोष्ट वापरण्यात पाप नाही.

पण आपण ती कशी वापरतो?

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही 'तारे जमीन पर' दाखवला. छोट्या ईशानला अक्षरं नीट वाचता येत नाहीत. वडील चिडतात, बोर्डिंगला पाठवतात. निकुंभ सर मात्र त्याचं दुःख ओळखतात, कारण लहानपणी त्यांनाही तोच त्रास होता. माझा धडा तयार होता : आपल्या दुर्बलता स्वतः जाणणारा प्रमुख याजक, इब्री ४:१५. फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

मी विचारलं, "सांगा, निकुंभ सर कोणासारखे?"

मागून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "अंकल, हा पिक्चर माझ्या पप्पांना दाखवाल का?"

मुलं हसली. मीही हसलो आणि म्हणालो, "दाखवू हं, पण आधी उत्तर सांग." दुसऱ्या कोणीतरी "प्रभू येशू!" म्हटलं, टाळ्या झाल्या, धडा संपला. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा ते वाक्य परत ऐकू आलं. सकाळी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "काही नाही अंकल."

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. बघता बघता त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले, आणि त्याच ध्यासातून पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावर साक्षात ख्रिस्त असला तरी माणसाला तेच दिसतं जे त्याच्या अंतःकरणात आहे. मग आपण दाखवलेल्या पिक्चरमधून सगळ्या मुलांनी आपलंच उत्तर काढावं, हा हट्ट कशाला? आपण आधी पिक्चर निवडतो, मग त्याला वचन जोडतो, आणि मुलाचा नंबर शेवटी लागतो. नाथानाला आपल्यासमोर कोण बसलंय हे माहीत होतं. शिवाय गोष्ट संपल्यावर तो निघून गेला नाही. दाविदाने पाप कबूल करेपर्यंत तो थांबला, आणि क्षमेचा शब्द देऊन मगच गेला.

पिक्चर जरूर दाखवा. पण दिवे लागल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : "बाळा, तुला काय दिसलं?" आणि मग गप्प बसा. कदाचित त्या दिवसाचा धडा राहून जाईल. राहू द्या.

मला वाटत होतं, त्या गोष्टीत मी निकुंभ सरांच्या बाजूचा आहे. पण मुलगा आपलं दुःख सांगत होता आणि मला बरोबर उत्तर हवं होतं. त्या संध्याकाळी मी ईशानचा बाप होतो.

प्रार्थना : हे प्रभू, तू लेकरांना जवळ घेतलंस, आम्ही त्यांना फक्त रांगेत बसवलं. आम्हांला क्षमा कर. बोलण्याआधी ऐकायला शिकव. ज्या मुलाचं ऐकायचं राहून गेलं, त्याला तूच भेट. येशूच्या नावाने मागतो, आमेन.